हे बरं, की आधीचं?

चष्मेवाल्यांनी स्वतःचा व्हिडिओ स्वतःच काढला, कॉम्प्युटरवर लावला आणि बघतात तो काय, सगळा फडफडत होता! खुर्चीत बसलेले चष्मेवाले क्षणात उजळ, क्षणात काळोखे. "मी अगदी मजेत आहे," एवढं एक वाक्य संपेपर्यंत त्या खोलीत दोन-तीनदा दिवस मावळला आणि उगवला.

"मेल्या फोनचंच काहीतरी बिनसलंय," चष्मेवाले म्हणाले. कुणाला म्हणाले ते विचारू नका. घरात ते एकटेच होते. पण जन्म गेला दुकानात बोलण्यात, आता गिऱ्हाईक नाही म्हणून तोंड थोडंच गप्प बसतंय?

दुकान त्याच इमारतीत, खाली रस्त्याला लागून होतं. अख्ख्या गल्लीच्या नाकावर चष्मेवाल्यांची कामगिरी बसलेली. डोळ्यांसमोर भिंगं बदलत ते विचारायचे, "हे बरं, की आधीचं?" आणि माणूस गोंधळला की आणखी प्रेमाने विचारायचे, "घाई नाही. नीट बघा. हे बरं, की आधीचं?" आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान गेलं, बायको त्याच्याही आधी गेली, लेक लग्न करून दुसऱ्या शहरात गेली. चष्मेवाले हे नाव तेवढं मागे राहिलं, आणि त्या नावाचं माणूस.

या व्हिडिओचं खूळ निघालं ते लेकीच्या फोनमुळे.

"बाबा, इथे एक खोली रिकामी होतेय. माझ्या घराच्या अगदी जवळ. ज्येष्ठांची वसाहत आहे ती, वृद्धाश्रम नव्हे."

"फरक काय गं दोन्हींत?"

"इथे व्यायामशाळा आहे."

"म्हणजे वृद्धांनी वर श्रमही करायचे!"

"विनोद नकोत, बाबा. रविवारपर्यंत त्यांना हो की नाही ते कळवायचंय. तुम्ही तिथे एकटे कसे राहता ते मला दिसत नाही. फोनवर विचारलं की म्हणता, मजेत आहे. तुमचं ते मजेत ऐकून मला झोप लागत नाही."

"मग दाखवतो की! व्हिडिओ काढून पाठवतो. बघ आणि तूच ठरव."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लेकीने शब्द तिथल्या तिथे पकडला. "चालेल. पण संध्याकाळचा काढा. दिवसा काय, सगळेच बरे असतात. दिवे लागल्यावर तुम्ही काय करता, ते मला बघायचंय."

चष्मेवाल्यांना तिकडे जायचं नव्हतं. एकटं राहणं फार आवडत होतं अशातला भाग नाही. संध्याकाळ झाली की त्यांना घर खायला उठायचं, हे त्यांनी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच. पण इथलं एकटेपण निदान ओळखीचं होतं. कुठल्या खुर्चीत बसलं की ते जास्त बोचतं आणि कुठल्या खिडकीत उभं राहिलं की कमी, हे त्यांना ठाऊक होतं. तिकडे जाऊन सगळं पहिल्यापासून शिकायचं म्हणजे या वयात जिवावरच येणार.

आणि आणखी एक गोष्ट होती. तिचा चष्मेवाल्यांनी कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता. त्यांचे डोळे गेले होते. म्हणजे पूर्ण नव्हे, पण निघाले होते. रोज दिवेलागणीनंतर बाहेरच्या खोलीत बसलं की डोळ्यांपुढे उजेड लपलप करायचा. दुसरा कुणी असता तर घाबरून डॉक्टरकडे गेला असता. चष्मेवाले स्वतःच अर्धे डॉक्टर. त्यांनी तपासणी घरीच केली. डावा डोळा झाकला, तरी फडफड होती. उजवा झाकला, तरी होती. दोन्ही झाकले, फडफड थांबली. निदान सरळ होतं, दोष दोन्ही डोळ्यांत आहे. सकाळी मात्र अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत खडखडीत वाचता येत होता. म्हणजे सकाळी डोळे ताजे असतात आणि संध्याकाळी थकतात. आता हे लेकीला कळलं असतं तर तिने रविवारची वाट पाहिली नसती, टेम्पो घेऊनच आली असती.

तर असा तो व्हिडिओ. चष्मेवाल्यांनी मोठ्या कपाटावर चष्म्यांच्या जुन्या डब्यांचा मनोरा रचला, त्यावर फोन टेकवला आणि फोनचा आवाज बंद केला. तसा फोन कुणाचा येत नव्हता, पण शूटिंग चालू असलं की नेमका तेव्हाच यायचा. मग ते खुर्चीत बसले, बोलले, उठले, बोलता बोलताच कुंड्यांना पाणी घातलं, चहा केला, टेबल पुसलं, कपड्यांच्या घड्या घातल्या. एरवी ही कामं दिवसभर पुरवून पुरवून करायची. त्या दिवशी एका दमात उरकली.

आणि सकाळी बघतात तर ही फडफड. सकाळचे डोळे ताजे असल्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायला जागा नव्हती. तेव्हा संध्याकाळी डोळे फडफडतात आणि सकाळी व्हिडिओ फडफडतो, हे दोन निराळे आजार आहेत, असं चष्मेवाल्यांनी पक्कं ठरवलं. डोळ्यांना इलाज नव्हता. व्हिडिओला होता. लेकीने मागे "वेळ जाईल तुमचा" म्हणून कॉम्प्युटरमध्ये व्हिडिओ जुळवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं होतं. वेळ न जायला काय, तो गेलाच! पहिली सकाळ तर फक्त कुठलं बटण दाबायचं नाही ते शोधण्यात गेली.

शेवटी एका कोपऱ्यात ते सापडलं. "फडफड काढा" असं स्वच्छ लिहिलेलं, आणि शेजारी एक सरकपट्टी, कमीपासून जास्तीपर्यंत. चष्मेवाल्यांच्या अंगात जुना धंदा संचारला. पट्टी जरा सरकवली आणि पडद्यातल्या चष्मेवाल्यांना विचारलं, "हे बरं, की आधीचं?"

पडद्यातले चष्मेवाले फडफडत म्हणाले, "मी अगदी मजेत आहे."

आणखी सरकवली. फडफड जरा मवाळ झाली, पण होतीच. पाव केली, अर्धी केली. डोळ्यांचा नंबर असा वाढत गेला असता तर त्यांनी गिऱ्हाइकाला हात जोडून मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण इथे मोठा डॉक्टर कोण? त्यांनी दात-ओठ खात पट्टी पार टोकाला नेऊन भिडवली.

खाली बारीक अक्षरांत एक सूचना होती. फडफड घालवायची म्हणून हे यंत्र मागची-पुढची चित्रं एकमेकांत कालवतं, त्यामुळे जे जागचं हलत नाही ते ठळक राहतं आणि जे हलतं ते विरत जातं, असा तिचा मथितार्थ. जन्मभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणाऱ्या चष्मेवाल्यांनी ती अक्षरं वाचली नाहीत. माणूस चुकतो तो असा.

व्हिडिओ शिजायला शनिवारची अख्खी दुपार गेली. तयार झाल्यावर त्यांनी सुरुवात पाहिली. वा! उजेड कसा, इस्त्री फिरवल्यासारखा! खुर्चीत चष्मेवाले ताठ, शांत, सांगताहेत, "मी अगदी मजेत आहे." आणि खरंच मजेत दिसताहेत. याच्यापुढचं काय बघायचं? भिंग जमलं की गिऱ्हाइकाला ते काय रात्रभर तपासत बसत होते? त्यांनी व्हिडिओ कॉम्प्युटरवरून थेट कुटुंबाच्या ग्रुपवर सोडला. लेक, जावई, थोरली बहीण, मावसभाऊ, चुलतभावाची सून, सगळे होते त्यात. एकदाचं सगळ्यांनाच कळू दे. मग दिवा लावून ते बाहेरच्या खुर्चीत टेकले, डोळ्यांना फडफड नको म्हणून मिटून घेतले आणि त्यांना गाढ झोप लागली.

तिकडे कुटुंबाने व्हिडिओ पाहिला.

सुरुवातीला चष्मेवाले खुर्चीत होते. "मी अगदी मजेत आहे," ते म्हणाले, आणि उठता उठता हवेत विरून गेले. खुर्ची रिकामी झाली. मग रिकाम्या खोलीत त्यांचा आवाज घुमला, "बघा, तब्येत कशी ठणठणीत आहे. काही फरक पडलाय का माझ्यात?" खोलीत कुंड्या होत्या, कपाट होतं, टेबल होतं. चष्मेवाले नव्हते. टेबलावर कुठूनसा एक कप प्रकटला, थोडा वेळ बसला आणि निघून गेला. "मला इथे कशाचीही कमी नाही," आवाज म्हणाला. "तुम्ही माझी काळजी करू नका. मी आहे तिथे सुखात आहे."

मावसभाऊ भावनाप्रधान माणूस. त्याने डोळे पुसले आणि ग्रुपवर लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली."

मग काय, एकाने लिहिलं की दुसऱ्याला मागे राहवत नाही. चुलतभावाच्या सुनेने हात जोडले. जावयांच्या मामांनी लिहिलं, "फार साधा माणूस. व्हिडिओ सुंदर केला आहे, कुणी केला?" थोरल्या बहिणीने लिहिलं, "मला आधी का नाही सांगितलं?" हे सगळं पाहून लेकीच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने बाबांना फोन लावला. पुन्हा लावला. शूटिंगपासून आवाज बंदच असलेला फोन कपाटावरच्या मनोऱ्यावर मुकाट्याने उजळत राहिला.

शेवटी तिने समोरच्या बाईंना फोन केला.

या बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. शाळा सुटून वर्षं लोटली, पण आवाजातली शिट्टी गेली नव्हती. त्यांचं आणि चष्मेवाल्यांचं दार समोरासमोर आणि तोंडं विरुद्ध दिशांना. कारण म्हणजे एक चष्मा. चष्मेवाल्यांनी करून दिलेल्या चष्म्यातून बाईंना जिन्याच्या पायऱ्या वर आल्यासारख्या दिसायच्या. चष्मेवाले म्हणाले, नंबर बरोबर आहे, सवय होईल. बाई म्हणाल्या, सवय होईस्तोवर मी जिन्यावरून खाली पोहोचेन. त्यांनी दुसऱ्या दुकानातून चष्मा केला आणि तो घालून मुद्दाम चष्मेवाल्यांच्या दुकानावरून चालत गेल्या. तेव्हापासून बोलणं बंद.

दारावर अशी थाप पडली की चष्मेवाले खुर्चीसकट दचकले.

"चष्मेवाले! दार उघडा! आत असाल तर ओ द्या!"

चष्मेवाल्यांनी कडी काढली. बाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"जिवंत आहात?"

"म्हणजे काय? मला काय धाड भरलीय?"

"मग तुमच्या लेकीला तसं कळवा. रडतेय ती तिकडे. तुम्ही गेलात म्हणून लोक शोक करताहेत आणि तुम्ही इथे घोरताय!"

चष्मेवाल्यांनी स्टुलावर चढून फोन काढला आणि ग्रुप वाचला. स्वतःची श्रद्धांजली स्वतः वाचायचा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो. वाचता वाचता त्यांच्या मनात आलं, जिवंत असताना या मंडळींनी एवढं कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "मी जिवंत आहे."

मावसभावाने लगेच विचारलं, "आपण कोण?"

मग लेकीचा फोन आला. ती आधी रडली, मग खूप बोलली, मग पुन्हा रडली. "बाबा, खुर्ची रिकामी झाली ना, तेव्हा मला वाटलं..." तिला पुढे बोलवेना. "अगं, फडफड काढायला गेलो होतो," एवढंच ते म्हणाले. "मीच निघालो."

"आता मी काही ऐकायची नाही. उद्या त्यांना हो म्हणून कळवते. एकटं राहणं बास झालं."

फोन ठेवून चष्मेवाले खुर्चीत बसले. झालं, संपलं. आता कुंड्या कुणाला द्यायच्या, डब्यांचं काय करायचं. त्यांना बाईंचा विसरच पडला होता. बाई मात्र दारातून आत आल्या होत्या आणि मान वर करून छताकडे बघत होत्या.

"अहो चष्मेवाले, ही ट्यूब केव्हापासून फडफडतेय?"

चष्मेवाल्यांनी मान वर केली नाही. "ट्यूब नाही हो. ते आपलं..." आणि थांबले. मग हळूच विचारलं, "काय म्हणालात?"

"ट्यूब! लपलप करतेय नुसती. डोकं कसं उठत नाही तुमचं? मी दोन मिनिटं उभी आहे तर माझे डोळे चुरचुरायला लागले."

"तुम्हाला... तुम्हालाही दिसतंय?"

"न दिसायला काय झालं? चष्मा दुसरीकडून केलाय मी."

एरवी या टोमण्याने त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असत्या. पण चष्मेवाले वर बघत राहिले. ट्यूब फडफडत होती. दिवेलागणीपासून, रोज, त्यांच्या डोक्यावर. त्यांनी एकेक डोळा झाकून तपासला होता, तक्ते वाचले होते, फोनला शिव्या दिल्या होत्या, आठवडा घालून व्हिडिओ दुरुस्त केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि वर बघून एका वाक्यात सांगायला फक्त दुसरं माणूस हवं होतं. बायको असती तर पहिल्याच संध्याकाळी म्हणाली असती, "अहो, ती ट्यूब बदला." ती गेल्यापासून दिवे लागल्यावर या खोलीत कुणी आलंच नव्हतं. जन्मभर त्यांनी लोकांना विचारलं होतं, काय दिसतंय सांगा. आपल्याला जे दिसतंय ते दुसऱ्यालाही दिसतंय का, एवढं विचारायला त्यांना कुणी नव्हतं.

त्यांचे डोळे भरून आले. आता मात्र खरंच नीट दिसेना.

"रडायला काय झालं? ट्यूब आहे ती, मिळते खाली," बाई म्हणाल्या. पण आवाजातली शिट्टी जरा उतरली होती. "बसा. मी आणते. माझ्याकडे एक जादाची आहे."

ट्यूब आली. बाई पदर खोचून स्टुलावर चढल्या.

"बाई, मी चढतो. तुम्ही पडाल."

"मी शाळेच्या पोरांना दोरावर चढवलंय. तुम्ही स्टूल धरा आणि सल्ला देऊ नका. आणि हो, सांभाळून धरा, माझ्या चष्म्यातून मला सगळं जागच्या जागी दिसतं."

चष्मेवाल्यांनी जन्मात काही इतकं घट्ट धरलं नव्हतं. जुनी ट्यूब उतरली, नवी बसली, बटण दाबलं आणि खोली लख्ख उजळली. उजेड जागचा हलेना.

"हं," बाई वरूनच म्हणाल्या. "हे बरं, की आधीचं?"

चष्मेवाले किती दिवसांनी हसले, ते त्यांनाही आठवेना.

रविवारी संध्याकाळी नवा व्हिडिओ निघाला. वसाहतीला काय ते आजच कळवायचं होतं, आणि चष्मेवाल्यांनी सकाळी फोन करून लेकीला संध्याकाळपर्यंत थांबवलं होतं. या खेपेला डब्यांचा मनोरा रचायची वेळ आली नाही, कारण बाईंनी फोन स्वतःच्याच हातात घेतला. "तिथे काय मढ्यासारखा ठेवायचा तो फोन? माणूस चालतं तसा तो मागे नको चालायला?" चष्मेवाले कुंड्यांपाशी गेले, बाई मागोमाग गेल्या. चष्मेवाल्यांनी चहा केला, आणि कित्येक वर्षांनी दोन कपांचं माप आठवून आठवून पाणी ठेवलं. मागून आवाज चालूच, "पाठ सरळ! पोट आत! लेकीकडे बघा, भिंतीकडे काय बघताय? आणि साखर किती घालताय? माणसाला विचारायची पद्धत आहे की नाही?"

व्हिडिओ आहे तसा पाठवला. कुठलीही पट्टी सरकवली नाही. थोड्याच वेळात लेकीचा फोन आला.

"बाबा, मागे कोण ओरडतंय?"

"समोरच्या बाई."

"तुम्ही बोलता त्यांच्याशी?"

"मी कुठला बोलतोय? त्याच बोलतात. साखरेवरून भांडण झालंय आमचं. उद्या पुन्हा येणार आहेत, चहा कसा करतात ते दाखवायला."

पलीकडे लेकीने नाक ओढलं. "बरं. त्या खोलीचं मी तूर्त नाही म्हणून कळवते."

चष्मेवाल्यांनी श्वास सोडला. दोन कप अजून टेबलावरच होते. ते उचलायची त्यांना घाई नव्हती.

"फक्त बाबा, व्हिडिओ फार हलतोय हो. सारखा इकडून तिकडे. त्या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरही उपाय आहे. एक बटण दाबलं की सगळं स्थिर होतं. करताय का?"

"नको गं बाई!" चष्मेवाले घाईघाईने म्हणाले. "अजिबात नको. हलू दे. कुणीतरी हातात धरला होता, म्हणून हलतोय तो."